पार्श्वभूमी : मोंढ्यातला स्वातंत्र्यवाद

सरकारने जीव आणि मालमत्ता राखावी, बाकी व्यवहारातून हात काढून घ्यावा, ही मांडणी मराठवाड्यात पुस्तकांपेक्षा मोंढ्यातून, म्हणजे शेतमालाच्या घाऊक बाजारातून, जास्त पसरली. असं मानणाऱ्या ‘लिबर्टेरियन’ला मराठीत धड शब्द रुळला नाही. ‘उदारमतवादी’ म्हटलं की एकोणिसाव्या शतकातले मवाळ आठवतात. म्हणून इकडे या विचाराच्या माणसाला नुसतं ‘खुलीकरणवाला’ म्हणत.

निजामी राजवटीतली लेव्ही, म्हणजे सरकारची सक्तीची धान्यवसुली, जुन्या माणसांच्या बोलण्यात होती. अंमलदार यायच्या आत ज्वारी जमिनीखालच्या पेवात नाहीतर भिंतीतल्या बळदात दडवायची. १९४८ साली राज्य बदललं, लेव्ही हा शब्द मात्र पुढेही बराच काळ ऐकू येत राहिला.

खरी ठिणगी कापसाची. १९७१च्या कायद्याने राज्यात एकाधिकार कापूस खरेदी आली आणि १९७२च्या हंगामापासून कास्तकाराला सरकारी केंद्राशिवाय कुठेही कापूस घालायची मुभा उरली नाही. हेतू वाईट नव्हता. व्यापाऱ्याची कट्टी (मनमानी कपात) आणि वजनातली काटामारी सगळ्यांनी सोसलेली होती. पण केंद्रावर गाड्यांची रांग, प्रतवारीवरून घासाघीस आणि पैसे हप्त्याहप्त्याने. राज्याबाहेर भाव चढला की सीमेवरच्या किनवट-धर्माबादकडून रात्री कापूस आंध्रात जायचा. स्वतः पिकवलेलं विकणं म्हणजे तस्करी! १९९०च्या दशकात हमीभाव बाजारापेक्षा वर गेला, तेव्हा त्याच नाक्यांवरून परराज्यातला कापूस आत येऊ लागला आणि योजनेचा तोटा फुगला. २००२च्या सुमाराला खाजगी खरेदीला वाट मिळाली. एकाधिकार होता तेव्हा निदान भावाची खात्री होती, असं म्हणणारे कास्तकार आजही भेटतात. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण रांगेतल्या रात्री ते हिशेबात धरत नाहीत.

१९८४ साली परभणीत शेतकरी संघटनेचं मोठं अधिवेशन भरलं. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा तेव्हा गावागावांत पोचलेली होती. दाम सरकारने द्यायचे की बाजाराने, हा प्रश्न घोषणेत झाकलेला राहिला. १९९१च्या आर्थिक खुलीकरणानंतर या चळवळीतले काही जण उघडपणे बाजाराच्या बाजूने बोलू लागले. बाकीचे हमीभावालाच धरून राहिले.

दिल्लीत दारं आधीच आवळली होती. १९५१ साली राज्यघटनेत नववी अनुसूची आली. तिच्या आडोशाने जमिनीचे कायदे कोर्टाच्या कचाट्यातून सुटले. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. १९८९पासून पक्ष नोंदवायचा तर समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते. म्हणजे खुलीकरणवाल्याने निवडणुकीसाठी पक्ष काढायचा, तर पहिल्याच कागदावर जे पटत नाही त्याखाली सही करायची.

शेतमालाचा व्यापार खुला करणारे केंद्राचे २०२०चे तीन कृषी कायदे आले तेव्हा मराठवाड्यातल्या जुन्या खुलीकरणवाल्यांनी त्यांचं स्वागत केलं. २०२१च्या नोव्हेंबरात ते मागे घेतल्याची घोषणा झाली. मोंढ्यात त्या दिवशीही सोयाबीनच्या भावाचीच चर्चा चालू होती.