टाकीतल्या औषधाने व्हॉल्व्ह साफ होत नाहीत

डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल इंजिनाच्या इनटेक व्हॉल्व्हवर (हवा आत घेणाऱ्या झडपेवर) कार्बन साचला की ‘महागडं पेट्रोल भरा, टाकीत क्लीनर ओता’ असा सल्ला हमखास मिळतो. त्याने इंजेक्टरचं तोंड साफ होईलही, पण व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला काहीच पोहोचत नाही. इथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं; जुन्या पोर्ट इंजेक्शनमध्ये ते व्हॉल्व्हवर पडून त्याला धुवायचं.

थर बनतो तो मुख्यतः ऑइलचा. क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या पोकळीतली) ऑइलची वाफ पीसीव्हीच्या, म्हणजे तिथले वायू पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या, नळीतून इनटेकमध्ये येते, शिवाय व्हॉल्व्ह स्टेम सीलमधूनही (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या सीलमधूनही) थोडं झिरपतं, आणि गरम व्हॉल्व्हवर ते करपून चिकटतं. म्हणून खरा इलाज डिझाइनमध्येच आहे: हेड कव्हरमध्ये आडपडदे असलेला, वाफेतून ऑइल वेगळं करणारा चांगला ऑइल सेपरेटर, आणि पिस्टनच्या ऑइल रिंगच्या (सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडणाऱ्या कड्याच्या) खाचेत ऑइल परत जायला पुरेशी मोठी छिद्रं. ही छिद्रं तुंबली की रिंग अडकते, ऑइल जळायला लागतं. टोयोटाच्या डी-४एस पद्धतीत दोन्ही ठिकाणी इंजेक्टर असतात, त्यामुळे व्हॉल्व्हही धुतला जातो.

साचलेला थर काढायचा तर इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्या) उतरवून, व्हॉल्व्ह पूर्ण बंद ठेवून अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीचा मारा करतात. व्हॉल्व्ह जरा जरी उघडा राहिला तर भुकटी सिलिंडरमध्ये जाते.