यू-व्हॅल्यू आणि आरईटीव्ही: घर तापण्याचे दोन वेगळे हिशेब

"भिंती एएसी ब्लॉकच्या आहेत, घर गार राहील," असं फ्लॅट दाखवताना हमखास ऐकू येतं. हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा हा ब्लॉक चांगलाच आहे. पण या एका वाक्यात दोन हिशेब मिसळले जातात, आणि भोगावं लागतं पश्चिमेच्या बेडरूममध्ये झोपणाऱ्याला.

यू-व्हॅल्यू हा बांधणीचा गुण. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता पार होते, एवढंच ती सांगते. विटांच्या नऊ इंची भिंतीची यू-व्हॅल्यू २ च्या थोडी वर, २०० मिलिमीटर एएसी ब्लॉकची ०.८ च्या आसपास. जितकी कमी तितकी बरी. पण भिंत कोणत्या दिशेला आहे, तिच्यात खिडकी केवढी, याचा तिच्याशी संबंध नाही.

आरईटीव्ही (रेसिडेन्शियल एन्व्हलप ट्रान्समिटन्स व्हॅल्यू), म्हणजे बाहेरच्या कवचातून आत येणाऱ्या उष्णतेचा आकडा, अख्ख्या इमारतीची, छत सोडून. भिंतींतून आलेली, काच तापून आलेली आणि काचेतून थेट उन्हाबरोबर आलेली उष्णता दिशेनुसार कमीजास्त धरून एकत्र करायची आणि बाहेरच्या एकूण क्षेत्रफळाने भागायची. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८ च्या इको-निवास संहितेत ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी इमारतींसाठी तिची कमाल मर्यादा दर चौरस मीटरला १५ वॅट आहे. फक्त थंड प्रदेशात तिच्याऐवजी यू-व्हॅल्यू पाहतात, जास्तीत जास्त १.८. म्हणजे मुंबई-पणजीकडे भिंतीच्या यू-व्हॅल्यूला वेगळी मर्यादाच नाही. ती आरईटीव्हीच्या बेरजेतला एक भाग आहे.

आणि ती बेरीज बहुतेक वेळा बिघडवते काच. मे महिन्यात दुपारी चार वाजता पश्चिमेच्या खिडकीतून फरशीवर पडलेल्या उन्हाच्या पट्ट्यात अनवाणी उभं राहून बघा. भिंत कितीही भारी असली तरी ही उष्णता तिला वळसा घालून आत आलेली असते. आतला पडदा ओढला की उजेड अडतो, पण ऊन काच ओलांडून आलेलं असतं. म्हणून सावली बाहेर हवी. नुसता छज्जा पश्चिमेला पुरत नाही, कारण उतरतं ऊन त्याच्या खालून शिरतं. तिथे बाहेरून चिक किंवा झडपा लागतात.

छताचं गणित मात्र निव्वळ यू-व्हॅल्यूचं: त्याच संहितेत कमाल १.२. १५० मिलिमीटरच्या उघड्या स्लॅबची साधारण ३.३ भरते. कोब्याने (स्लॅबवरच्या विटांच्या तुकड्यांच्या थराने) थोडी उतरते, १.२ पर्यंत येत नाही. एक्सपीएस या उष्णतारोधक फोमचा २५ मिलिमीटरचा थर घातला की मर्यादेच्या आत येते. वरच्या मजल्यावर रात्री अकरालाही पंखा गरम हवा फेकत असतो, तो दिवसभर तापलेल्या स्लॅबमुळे. तिथे फ्लॅट घेताना बिल्डरने आरईटीव्ही १५ च्या खाली दाखवली, तरी स्लॅबची यू-व्हॅल्यू वेगळी विचारून घ्या. पहिल्या आकड्यात तुमचं छत धरलेलंच नसतं.