मॉरित्सबर्गचे तलाव आणि 'आक्ट' हा शब्द

निसर्गातल्या नग्नाकृतीचा अभिव्यक्तिवादी (म्हणजे भावना तीव्रतेने मांडण्यासाठी रंग-आकार बदलणाऱ्या कलेतला) इतिहास जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या उत्तरेला असलेल्या मॉरित्सबर्गच्या तलावांशी घट्ट बांधलेला आहे. 1909 ते 1911 हे तीन उन्हाळे त्यात सर्वांत महत्त्वाचे: 'डी ब्रुके' या गटाचे चित्रकार तेव्हा तिथे चित्रं काढत. त्याआधीची सेझानसारख्यांची फ्रेंच स्नानदृश्यं आणि गोगँची ताहितीची चित्रं इथे बाजूला ठेवू.

घोळ होतो तो शब्दाचा. 'नग्नचित्र' म्हटलं की अंगावर कपडे नाहीत, एवढंच कळतं. जर्मन शब्द 'आक्ट' लॅटिनमधून आलेला. त्याच्या मुळाशी हालचाल आहे, कृती आहे. अकादमीत मात्र आक्ट म्हणजे चौथऱ्यावर तासन्‌तास ताटकळलेला देह. 1905 मध्ये वास्तुकलेच्या चार विद्यार्थ्यांनी ड्रेस्डेनमध्ये काढलेल्या या 'डी ब्रुके' गटाने ही शिस्त मोडली. पोझ दर पंधरा मिनिटांनी बदलायची आणि तेवढ्यात रेखाटन उरकायचं. त्याला ते 'पाव तासाचा आक्ट' म्हणत. तलावावर तर पोझही उरली नाही. लव्हाळी फेकत खेळणाऱ्यांचं एक काष्ठठशाचं छापचित्र आहे: काळा, केशरी, हिरवा, बस. अंगं केशरी आणि कोनदार. तो कोनदारपणा ड्रेस्डेनच्या संग्रहालयात पाहिलेल्या पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ बेटांवरच्या कोरीव तुळयांकडून आला. ही बेटं तेव्हा जर्मनीची वसाहत होती. 'आदिम' या गोड शब्दाखाली ही गोष्ट फार काळ झाकली गेली.

'मॉडेल' या शब्दाखाली तर त्याहून गंभीर गोष्ट झाकली गेली. या चित्रांत वारंवार दिसणारी एक मुलगी 1900 साली जन्मली, म्हणजे 1909 च्या उन्हाळ्यात ती जेमतेम आठ वर्षांची होती. जुन्या लेखनात तिचं वय वाढवलेलं आणि तिचं घराणं चुकीचं सांगितलेलं आढळतं. चर्चच्या नोंदींवरून खरी ओळख पटली ती 1990 च्या दशकात. तोवर 'मुक्त, निरागस निसर्गजीवन' ही चित्रकारांची बाजू तशीच छापली जात होती. तिची बाजू कुणी विचारलीच नव्हती, आणि माझ्या मते हा प्रश्न रंगरेषांच्या चर्चेच्या आधी यायला हवा.

1913 मध्ये गट फुटला. 1937 मध्ये नाझींनी ही कला 'अधःपतित' ठरवून म्युनिकमध्ये तिची नालस्ती करणारं प्रदर्शन भरवलं. गटाचा म्होरक्या अर्न्स्ट लुडविग किर्शनर याची सहाशेहून अधिक कामं सरकारी संग्रहांतून जप्त झाली. पुढच्याच वर्षी त्याने आत्महत्या केली. आपण इतरांच्या आधी होतो हे दिसावं म्हणून त्याने स्वतःच्या कित्येक चित्रांवर मागच्या तारखा घातल्या होत्या. मॉरित्सबर्गच्या स्नानाचं त्याचं मोठं तैलचित्र आज लंडनमध्ये आहे. त्याने 1926 मध्ये त्यावर पुन्हा हात फिरवला होता, म्हणून त्याच्या पाटीवर दोन सालं आहेत: 1909 आणि 1926.