टाइल पाण्यात बुडवून बघा

आमच्या शुक्रवार पेठेतल्या घराच्या बाथरूमचं काम चालू होतं. गवंड्याने भिंतीची सिरॅमिक टाइल पाण्याच्या टबात सोडली आणि तिच्या पाठीतून बारीक बुडबुडे वर येऊ लागले. जमिनीसाठी आणलेली पोर्सेलिन टाइल बुडवली, तर एकही बुडबुडा नाही!

बुडबुडे म्हणजे छिद्रांतली हवा. पाणी आत शिरतं तशी ती बाहेर पडते. भिंतीची सिरॅमिक टाइल सहसा स्वतःच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते. पोर्सेलिनला मात्र ०.५ टक्क्याची मर्यादा आहे.

घरातला माठ आणि लोणच्याची बरणी आठवा. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं. बरणी पाझरली तर लोणचं गेलंच. दोन्ही मातीचीच, फरक मिश्रणाचा आणि भट्टीचा. पोर्सेलिनमध्ये चिनी मातीबरोबर फेल्डस्पार हे खनिज भरपूर असतं. मिश्रण अगदी बारीक दळतात, प्रचंड दाबाखाली त्याची लादी पाडतात आणि सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजतात. त्या आचेत फेल्डस्पार वितळतो आणि चिक्कीत गुळाचा पाक दाण्यांमध्ये शिरावा तसा कणांमधल्या फटी भरतो. थंड होताना त्याची काच होते. ‘व्हिट्रिफाइड’ हा दुकानातला शब्द या काच होण्यावरूनच आलाय.

सिरॅमिकमध्ये काच असते ती मुख्यतः वरच्या चकाकत्या थरात. ओल पिऊन आतली माती वर्षानुवर्षांत किंचित फुगते, वरचा थर फुगत नाही, मग त्यावर केसासारख्या भेगा पडतात. तरीही भिंतीला मी सिरॅमिकच निवडली. ती हलकी, कापायला सोपी आणि स्वस्त. भिंतीवर कोण चालतंय?

आता सगळ्यात महत्त्वाचं. सिरॅमिक भिजवून लावतात, कारण कोरडी टाइल सिमेंटमधलं पाणी ओढून घेते. पोर्सेलिन भिजवून काही उपयोग नाही, उलट उघडी छिद्रं जवळजवळ नसल्यामुळे साध्या सिमेंटच्या रबडीला धरायला जागाच मिळत नाही. काही वर्षांत फरशी पोकळ वाजते, मग सुटते. पॉलिमर मिसळलेलं टाइल अ‍ॅडहेसिव्हच वापरा, इथे पैसे वाचवू नका.

आणखी एक. पोर्सेलिनला आरशासारखं पॉलिश केलं की आतली बंद सूक्ष्म छिद्रं उघडी पडतात, आणि तांबड्या रश्श्याची तर्री सांडली की तिथे डाग बसू शकतो. शिवाय ओल्या पायाला ती घसरते. म्हणून स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये जमिनीला आम्ही मॅट पोर्सेलिन घातली.