मोठं अंडं, मोठा बटेर?

"मोठा अंडामा मोठाच पिल्लू ऱ्हास, भाऊ." साक्रीकडचा एक बटेरपालक ट्रेमधली टपोरी अंडी उबवणी यंत्रासाठी वेचत होता. त्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. जपानी बटेराचं अंडं साधारण 10 ते 12 ग्रॅमचं असतं आणि त्यातून निघणारं पिल्लू त्याच्या दोनतृतीयांश वजनाचं. म्हणजे 9 ग्रॅमच्या अंड्यातून 6 ग्रॅमचं, 13 च्या अंड्यातून साडेआठ-नऊचं. पहिल्या दिवशी फरक जवळजवळ दीडपट!

पण ही आईने बांधून दिलेली शिदोरी झाली, आणि ती लवकर संपते. पुढे वाण, खाद्यातली प्रथिनं, ब्रूडरची (पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीची) ऊब आणि नर की मादी यावर वजन ठरतं (बटेरात मादी नरापेक्षा भारी). पाच आठवड्यांनी पक्षी विकायला काढाल तेव्हा सुरुवातीच्या फरकातलं फारसं काही उरलेलं नसतं.

मुळात पिल्लू बाहेर येणार का, हा प्रश्न मला जास्त रंजक वाटतो.

कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यातून प्राणवायू आत येतो, पाण्याची वाफ बाहेर जाते. उबवणीच्या 17-18 दिवसांत अंड्याचं 12 ते 15 टक्के वजन असं उडून जायलाच हवं. तेवढी जागा रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीला मिळते, आणि कवच फोडण्याआधी पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीत घेतं. आता शाळेतली भूमिती आठवा. आकार वाढला की घनफळ घनात वाढतं, पृष्ठभाग वर्गात. त्यामुळे 8 ग्रॅमच्या अंड्याला 13 ग्रॅमच्या अंड्यापेक्षा दर ग्रॅममागे सुमारे 18 टक्के जास्त पृष्ठभाग मिळतो. लहान अंडं सुकतं, मोठ्यात पाणी साचून राहतं. शरीरक्रियाशास्त्रज्ञ हरमन रान आणि सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात दाखवलं की निरनिराळ्या जातींच्या पक्ष्यांत हा हिशेब जुळलेला असतो: मोठ्या अंड्याला उबायला दिवसही जास्त मिळतात, आणि एकूण घट सगळीकडे 15 टक्क्यांच्या आसपास राहते. एकाच ट्रेमधल्या बटेराच्या अंड्यांना मात्र ही सवलत नाही. काही तासांचा फरक सोडला तर सगळ्यांचं कॅलेंडर एकच.

म्हणून खानदेशात दोन वेगळे घात होतात. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत यंत्रातल्या पाण्याच्या ट्रेकडे दुर्लक्ष झालं, की आधी बारकी अंडी सुकतात. श्रावणात ओलावा वाढला की मोठ्या अंड्यातली पिल्लं पूर्ण वाढूनही कवचातच गुदमरतात. तेव्हा "अंडी नासकी होती" असं म्हणून मोकळे होतो आपण!

टोकदार अंड्यातून नर निघतो, हीदेखील एक ठाम समजूत. पक्ष्यांत लिंग मादीच्या गुणसूत्रावर ठरतं. आकाराचा संबंध नाही. बटेराच्या अंड्याने दमा आणि शुगर बरी होते म्हणणाऱ्या पाट्यांबद्दल न बोललेलंच बरं.

उबवायला मधल्या वजनाची अंडी घ्यावीत, आणि काटा वापरावा. 11 ग्रॅमची 20 अंडी एकत्र मोजली तर 220 ग्रॅम भरतात. चौदाव्या दिवशी ती 195 ते 200 च्या दरम्यान यावीत. 205 दिसली तर यंत्रातलं पाणी कमी करा, 190 दिसली तर वाढवा.