लोपामुद्रा (स्त्रीनाम)

लोपामुद्रा हे संस्कृतातील एक प्राचीन आणि आज विरळ झालेले स्त्रीनाम. पुराणकथांमुळे ते ‘अगस्त्य ऋषींची पत्नी’ एवढ्या ओळखीवर राहिले. खरे तर या नावाची जुनी ओळख बोलणाऱ्या स्त्रीची आहे.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १७९ वे सूक्त हा अगस्त्य आणि लोपामुद्रा यांचा संवाद आहे. सूक्त अवघ्या सहा ऋचांचे. परंपरेने त्यातील पहिल्या दोन ऋचा लोपामुद्रेच्या मानल्या आहेत, म्हणून तिची गणना ऋषिकांमध्ये, म्हणजे सूक्ते रचणाऱ्या स्त्रियांमध्ये, होते. ‘पूर्वीरहं शरदः शश्रमाणा’ अशी ती सुरुवात करते: कित्येक शरद ऋतू मी रात्रंदिवस कष्टत आले, उगवणारी प्रत्येक पहाट वय वाढवत गेली, म्हातारपण देहाची शोभा हिरावून नेते, आता तरी पतीने पत्नीजवळ यावे. व्रतस्थ नवऱ्याला इतक्या सरळ शब्दांत आपली इच्छा सांगणारी स्त्री प्राचीन वाङ्मयात क्वचितच भेटते. तिचे नाव याच सूक्ताच्या चौथ्या ऋचेत येते.

नावाच्या अर्थाबद्दल एकमत नाही. लोप आणि मुद्रा हे शब्द सहज दिसतात. पण त्यांचा साधा समास ‘लोपमुद्रा’ असा झाला असता. मधल्या दीर्घ ‘पा’मुळे काहींनी ‘लोपा’ हा स्वतंत्र शब्द धरला आणि ‘इतर स्त्रियांचा रूपाभिमान नाहीसा करणारी’ असा अर्थ लावला. दुसऱ्या स्पष्टीकरणाचा आधार जन्मकथेत आहे. निरनिराळ्या प्राण्यांचे उत्तम अवयव घेऊन अगस्त्यांनी तिला घडवले. त्यामुळे त्या प्राण्यांच्या सौंदर्याची मुद्रा तिच्यापुढे लोपली. हा अर्थ कथेवरून मागाहून जुळवलेला वाटतो, पण लोकांच्या मनात तोच बसला.

ही जन्मकथा महाभारताच्या वनपर्वात आहे. अगस्त्यांनी ती मुलगी विदर्भाच्या राजाला दिली. त्याच्या घरी ती वाढली, म्हणून तिला वैदर्भी असेही म्हणतात. लग्नानंतर तिने वल्कले नेसली, पण अपत्याची वेळ आली तेव्हा माहेरच्यासारखी शय्या आणि अलंकार मागितले, तेही पतीच्या तपाला धक्का न लावता. मग अगस्त्य धनासाठी तीन राजांकडे गेले. तिघांचाही जमाखर्च बरोबरीचा निघाला, तेव्हा प्रजेला त्रास नको म्हणून त्यांनी काही घेतले नाही. धन मिळाले ते इल्वल दैत्याकडून. हजार मुलगे हवेत की हजारांच्या तोडीचा एक, असे विचारल्यावर लोपामुद्रेने एकच विद्वान मुलगा मागितला. तो दृढस्यू, लहानपणीच सरपण वाहून आणी म्हणून त्याला इध्मवाह म्हणू लागले.

श्रीविद्या म्हणजे ललिता देवीची तांत्रिक उपासना; तिच्यातील हादी विद्येशी, म्हणजे ‘ह’ने सुरू होणाऱ्या मंत्राशी, लोपामुद्रेचे नाव जोडलेले आहे, आणि ललितासहस्रनामात देवीचे एक नाव ‘लोपामुद्रार्चिता’ असे येते. कर्नाटकातील कोडगूच्या परंपरेत कावेरी नदी हे तिचेच रूप.

आज हे नाव महाराष्ट्रापेक्षा बंगाल-ओडिशाकडे जास्त ऐकू येते. बंगाली गायिका लोपामुद्रा मित्र यांच्यामुळे ते बऱ्याच जणांच्या कानांवर पडले आहे. घरात त्याचे ‘लोपा’ होते. ज्या विदर्भाने तिला वाढवल्याची कथा आहे, तिथल्या नागपूरची लोपामुद्रा राऊत ही मॉडेल अलीकडच्या काळात या नावाने प्रसिद्ध झाली.