टेक्सासच्या काउंटी जेलमधले ‘तात्पुरते’ जेलर: परवान्याची पार्श्वभूमी

टेक्सासमध्ये पोलिसांच्या प्रशिक्षणाचे किमान निकष ठरवणारं मंडळ १९६५ मध्ये आलं. काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या) जेलकडे लक्ष जायला आणखी दहा वर्षं लागली. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटी जेलमधल्या परिस्थितीवरून १९७२ मध्ये फेडरल कोर्टात खटला उभा राहिला. १९७५ मध्ये कोर्टाने सुधारणांचा आदेश दिला, आणि त्याच वर्षी विधिमंडळाने काउंटी जेलच्या निकषांसाठी वेगळं मंडळ नेमलं. आज हे नवं मंडळ जेल तपासतं आणि १९६५ चं मंडळ जेलरला, म्हणजे कैद्यांवर पहारा ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याला, परवाना देतं.

परवान्याच्या अटी वाचताना कडक वाटतात. वय किमान १८, बारावी किंवा समकक्ष परीक्षा, बोटांचे ठसे, वैद्यकीय व मानसिक तपासणी, अमली पदार्थांची चाचणी. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी. मग मूलभूत अभ्यासक्रम, जो बरीच वर्षं ९६ तासांचा होता, म्हणजे रोज आठ तास धरले तर बारा दिवस. शेवटी परीक्षा: ७० टक्क्यांना पास, संधी तीन, तिन्ही हुकल्या की अभ्यासक्रम पुन्हा.

खरा वाद आहे तो तात्पुरत्या परवान्याचा. तपासण्या पार पडल्या की शेरीफ, म्हणजे जेल ज्याच्या ताब्यात असतं तो काउंटीचा पोलीसप्रमुख, उमेदवाराला लगेच नेमू शकतो. अभ्यासक्रम आणि परीक्षा वर्षभरात उरकली म्हणजे झालं. न उरकल्यास त्याला कामावरून काढावंच लागतं, आणि पुन्हा तात्पुरतं घ्यायचं तर त्यानंतर वर्षभर थांबावं लागतं. राज्यात २५४ काउंट्या आहेत. लहान काउंटीत एका पाळीला दोन-तीनच माणसं असतात. त्यातला एक अभ्यासक्रमासाठी वर्गात बसला तर दर ४८ कैद्यांमागे एक जेलर हा निकष पाळणं अवघड होतं. त्यामुळे प्रशिक्षण पुढे ढकललं जातं आणि नवा माणूस रात्रपाळीला लागतो. शेरीफची अडचण खरी आहे, पण तिची किंमत कैदी मोजतो.

काउंटी जेलमध्ये सर्वांत धोक्याचे असतात ते अटकेनंतरचे पहिले दिवस. माणूस नशेतून उतरत असतो, रोजची औषधं तुटलेली असतात, जामिनाचे पैसे जमलेले नसतात. दाखल करतानाच्या फॉर्मवर ‘पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केला होता का?’ या प्रश्नाला ‘हो’ असं उत्तर आलं, तर पुढे काय करायचं हे त्या क्षणी समोर बसलेल्या जेलरला माहीत असावं लागतं. एरवी कैद्याला तासातून एकदा समोरासमोर पाहायचं असतं. आत्महत्येचा धोका असलेल्यांच्या कोठडीत दर ३० मिनिटांनी. फॉर्मवरचा ‘हो’ वरिष्ठांपर्यंत पोचला नाही, तर तो कैदी साध्या कोठडीतच राहतो आणि फेरी तासावर जाते.

जुलै २०१५ मध्ये वॉलर काउंटी जेलमध्ये नेमकं हेच चव्हाट्यावर आलं. वाहतूक नियमाच्या किरकोळ कारणावरून थांबवलेली सँड्रा ब्लँड ही तरुणी अटकेनंतर तीन दिवसांनी कोठडीत मृतावस्थेत सापडली. आधीच्या प्रयत्नाची नोंद तिच्या कागदांत होती. त्यानंतर जेलवर ठपका आला तो दोन गोष्टींसाठी: तासाची फेरी झाली नव्हती, आणि जेलरांनी मनोविकारग्रस्त व आत्महत्याप्रवण कैद्यांविषयीचं वर्षाला दोन तासांचं प्रशिक्षण घेतल्याचे कागद दाखवता आले नाहीत. त्याच वर्षी दाखल-फॉर्म बदलला.

२०१७ मध्ये तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. जेलरला मानसिक आरोग्याचं किमान आठ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. धोक्यातल्या कैद्यांच्या कोठड्यांपाशी फेरीची वेळ नोंदवणारे सेन्सर किंवा कॅमेरे बसवायचं ठरलं, कारण वहीत वेळ लिहिली म्हणजे फेरी झालीच असं नसतं. जेलमधल्या मृत्यूचा तपास बाहेरच्या यंत्रणेकडे गेला.

हे आठ तास मात्र त्याच मूलभूत प्रशिक्षणात घातले गेले, जे पूर्ण करायला तात्पुरत्या जेलरला वर्षाची मुदत आहे. जेलच्या स्वतःच्या आत्महत्या-प्रतिबंध योजनेत काही प्रशिक्षण असतं, पण ते किती तासांचं आणि कितीदा हे त्या योजनेवर अवलंबून. निदान हे आठ तास तरी किल्ल्या हातात देण्याआधी व्हायला हवेत. त्याला एक दिवस पुरतो, आणि तेवढी सवड लहानातली लहान काउंटीही काढू शकते.